बाहेरची धार

"सवय होईल, आजी," मालक तिसऱ्यांदा म्हणाले, आणि आतल्या खोलीत फ्रेमचा स्क्रू आवळत बसलेल्या तिच्या डोक्यात तिडीक गेली. तसं काही कारण नव्हतं. मालक हे वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणत, कधी कधी ती स्वतःही म्हणे; चष्म्याच्या दुकानात ते म्हणावंच लागतं, कारण नव्या नंबरची खरोखरच सवय व्हावी लागते. पण काउंटरपलीकडची म्हातारी, आयुष्यभर टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून बसलेली, खणखणीत आवाजाची, याच एका चष्म्यासाठी तिसऱ्यांदा आली होती आणि तिन्ही वेळा तिचं म्हणणं शब्दशः तेच होतं: जिना उतरताना पायरी असते तिथे दिसत नाही, जरा सरकून दिसते. मालकांनी हसून तिच्या हातावर हात ठेवला. "वय झालं की पावलाला भीती बसते, आजी. थोडा विश्वास ठेवा स्वतःवर. चष्मा अगदी बरोबर आहे." म्हातारीने हात काढून घेतला. "मला भीती वाटत नाहीये," ती म्हणाली. "मला पायरी चुकीच्या जागी दिसतेय. या दोन्हींतला फरक मला कळतो हो. तेवढं तरी कळतं."

आतल्या खोलीतली ती स्क्रू तसाच टाकून बाहेर आली, कुणाला न विचारता काउंटरवरचा चष्मा उचलला आणि भिंग तपासायच्या यंत्राखाली धरला. उजव्या भिंगाचा मध्य हवा तिथे नव्हता. नाकाच्या बाजूला चांगला तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता. तिच्या सुट्टीच्या दिवशी हे भिंग मालकांनी स्वतः बसवलं होतं. "अरेच्चा," मालक म्हणाले, "होतं असं कधी कधी." बस्स, एवढंच. म्हातारी काही जिंकल्यासारखी दिसली नाही. तिने खुर्ची मागितली, ती मिळेपर्यंत काउंटरला धरून उभी राहिली आणि मग पर्स मांडीवर घेऊन, दुसरं भिंग बसवून होईपर्यंत, दाराकडे बघत बसून राहिली. ते भिंग आतल्या खोलीत बसून तिनेच घासलं. घासताना चाकावरचं पाणी मनगटावर उडत होतं आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. या दोन्हींतला फरक मला कळतो. मला कळतो का? तिने टेबलाखाली पाहिलं. तिथे तिची स्केट्सची पिशवी होती, पायाला टेकून, रोजच्यासारखी.

ती छत्तीस वर्षांची होती आणि बर्फावर उड्या मारायला शिकत होती. हे वाक्य कुणासमोर उच्चारलं की समोरचा आधी हसतो आणि मग कौतुक करतो. तिला दोन्हींचा सारखाच वीट आला होता. चार वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला सगळ्या पोरींना घेऊन ती रिंकवर गेली. पोरी कठड्याला धरून किंचाळत होत्या, आणि तिला कुणीतरी हलकेच मागे ढकललं. ती पाठमोरी सरकत गेली, दहा-बारा हात, काहीही न करता. कुठेही न आपटता. तेवढ्यावर ती बर्फाच्या नादी लागली. ताई म्हणाली, "आमची भागूबाई आणि बर्फावर? अगं, तुला साधा सरकता जिना चढायचा तर कुणाचा तरी हात लागतो!" ताईचं बरोबर होतं. ती भित्री भागूबाईच होती, घरात तिला लहानपणापासून दुसरं नाव नव्हतंच म्हटलं तरी चालेल. तरी ती गेली. पहाटे मोठ्यांचा वर्ग असे. त्यात एक निवृत्त बँकवाले होते, जे गोल गोल फिरून घाम काढत आणि घरी जात, आणि ती होती, जिला वळणं आली, गिरक्या आल्या, मग एकेक करत चार छोट्या उड्या आल्या. पडली, नितंबावर बशीएवढा काळानिळा डाग पडला, तो पिवळा होईपर्यंत दुसरा पडला. पण उड्या आल्या. आणि मग अॅक्सल आली.

बाकीच्या ज्या उड्या तिला येत होत्या त्या पाठमोऱ्या घ्यायच्या. अॅक्सल तेवढी समोर तोंड करून. डाव्या पायाच्या ब्लेडच्या बाहेरच्या धारेवर वाकून वेगाने पुढे यायचं, उजवा पाय जिना चढल्यासारखा वर फेकायचा, हवेत अंग मिटून दीड फेरी घ्यायची आणि उजव्या पायावर पाठमोरं उतरायचं. मिटून घेण्यात सगळं आहे. हवेत घाबरून हात-पाय उघडले की फेरी तिथेच मरते आणि माणूस अर्धवट फिरून भलत्याच दिशेला तोंड करून उभा राहतो, लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरलेल्यासारखा. ती उघडायची. दर वेळी. आधी डावा पाय बर्फावरून किंचित निसटायचा, म्हणजे निसटतोय असं वाटायचं, आणि त्याच क्षणी ती उघडायची. "पाय सरकतो, सर," ती म्हणायची. पहाटेचा वर्ग घेणारे सर कठड्याला टेकून, लोकरी जाकिटाच्या खिशात हात घालून उभे असत. पन्नाशीचे, देखणे, कधीही आवाज न चढवणारे. तेच तर. ओरडणारा माणूस असता तर तिने त्याला कधीच उलटं बोलून मोकळं केलं असतं स्वतःला. सर प्रेमाने म्हणत, "पाय नाही सरकत. मन सरकतं. समोर दिसतंय ना सगळं, म्हणून. तुझ्याकडे सगळं आहे, एक आत्मविश्वास सोडून."

आत्मविश्वास! या शब्दाचं काय करावं माणसाने? कुठे मिळतो तो, कुठल्या कपाटात, वरच्या कप्प्यात की खालच्या? नाही म्हणणाऱ्याला तो दाखवताही येत नाही आणि आहे म्हणणाऱ्याला तो कुणी मोजूनही मागत नाही. सरांनी तिला आरशासमोर उभं करून "मी करू शकते" असं म्हणायला लावलं. छत्तीस वर्षांच्या बाईला, कपडे बदलायच्या खोलीत, दोन शाळकरी पोरी बुटाच्या नाड्या बांधता बांधता बघत असताना. तिने म्हटलं. मग सर म्हणाले, डोळे मिट आणि मनातल्या मनात उडी घे, न चुकता, मनात कोण पाडणार आहे तुला? तिने डोळे मिटले. मनातल्या बर्फावर ती वेगाने आली, वाकली, आणि मनातसुद्धा पाय निसटला. तिने प्रामाणिकपणे तसं सांगितलं. सर टाळी वाजवून हसले. "बघ! स्वप्नातसुद्धा घाबरतेस!" आणि तीही हसली. ते तिचं हसणं आठवून आता, भिंगाच्या कडा पुसताना, तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

कारण तिने सरांवर विश्वास ठेवला होता. ठेवणारच. भीती म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती आठ-नऊ वर्षांची असताना घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी लावलेली होती. चेंडू वर गेला म्हणून ती चढली आणि मधोमध अडकली. वरही जाईना, खालीही येईना. शिडी भक्कम होती, भिंतीत रोवलेली. तिला काहीही झालेलं नव्हतं. तरी तोंडात गंजासारखी चव आली आणि पोट आत ओढलं गेलं, जणू कुणी आतून मूठ वळत होतं. खालून बाबा ओरडत होते, "स्वतःवर विश्वास ठेव! काही होत नाही!" शेजारचे दोघे-तिघे जमले होते. ताई हसून हसून बेजार. बाबा वर आले नाहीत. त्यांना वाटत होतं की वर आले तर मुलगी कायमची भित्री राहील, म्हणून ते खाली उभे राहून विश्वासाचे पाढे म्हणत राहिले, आणि ती सगळ्यांच्या देखत शिडीवरच ओली झाली. शेवटी उतरली कशी ते तिला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की शिडी हलत नव्हती. शिडी हलतेय असं वाटत होतं आणि ती हलत नव्हती. मग पुढे आयुष्यात जेव्हा जेव्हा काही हलल्यासारखं वाटलं तेव्हा तिने आधी स्वतःलाच दम भरला: गप. शिडी हलत नाहीये. तू हलतेयस. लग्न ठरलेलं मोडलं तेव्हाही महिनाभर आधी तिला वाटत होतं की काहीतरी निसटतंय, आणि ती स्वतःला गप करत होती.

पण शिडीवर ते पोटात होतं. तिने हातातलं भिंग खाली ठेवलं. शिडीवर ते पोटात होतं आणि तोंडात होतं. बर्फावर ते कुठे असतं? तिने डोळे मिटले, सरांनी सांगितल्यासारखेच, आणि मनातल्या बर्फावर आली, वाकली. तळव्यात. डाव्या पायाच्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला. पोट अगदी शांत. पाय आधी निसटत होता. पोट त्यानंतर, हवेत, आवळलं जात होतं. भीती नंतर येत होती! इतके महिने ती नंतर येत होती आणि आधी आल्याचा दोष तिच्या माथी मारला जात होता.

मालक जेवायला गेले तेव्हा तिने पिशवीतून डावं स्केट काढलं, उलटं करून गुडघ्यांमध्ये धरलं आणि फ्रेम मापायची छोटी स्टीलची पट्टी ब्लेडवर आडवी ठेवली. स्केटच्या ब्लेडला एक धार नसते, दोन असतात, आतली आणि बाहेरची, मधे पन्हाळीसारखा खोलगटपणा. दोन्ही धारा एका उंचीच्या असल्या तर आडवी पट्टी सरळ बसते. पट्टी सरळ बसली नाही. बाहेरच्या बाजूला झुकली. डोळ्यांना दिसेल इतकी, मापायला नको इतकी. तिने जागा बदलून ठेवली, पुढे, मागे, मधे, सगळीकडे झुकली. जी धार बर्फात रुतायला हवी ती जवळजवळ नव्हतीच. तिला येत असलेल्या चारही उड्यांना ही धार लागत नव्हती. अॅक्सललाच लागायची. नवशिक्यांच्या अर्ध्या फेरीच्या उडीतही लागते म्हणा, तिथेही पाय थोडा निसटायचा, पण वेग नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आणि हे ब्लेड गेल्या शरद ऋतूपासून कोण घासून देत होतं? सर. रिंकच्या मागच्या खोलीतल्या मशीनवर, स्वतःच्या हाताने, प्रेमाने. "दे इकडे, मीच लावून देतो धार." तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. ती रडली नाही. तिने ताईला फोन लावला, ताईने "हं, बोल भागूबाई" म्हटलं, आणि तिने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी रिंकवर बर्फ सारखा करणारी गाडी नुकतीच फिरून गेली होती आणि लहान पोरी आत शिरायच्या तयारीत कठड्याशी दाटीवाटीने उभ्या होत्या. सर मागच्या खोलीत कुणाचे तरी बूट तपासत होते. ती समोर गेली, डावं स्केट उलटं धरलं, पट्टी ठेवली.

"सर, हे बघा."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. बघितलं. पट्टी उचलून पुन्हा ठेवली. "हं. थोडं तिरकं झालंय खरं. मशीनचा हात हलला असेल."

"थोडं?"

"अगं, मग सांगायचंस ना आधी!"

"सांगत होते. दर आठवड्याला सांगत होते. पाय सरकतो, पाय सरकतो, पाय सरकतो."

"पाय सरकतो म्हणालीस," सर शांतपणे म्हणाले. "ब्लेडबद्दल कधी बोललीस?"

इतका वेळ वाटेत तिने काय काय बोलायचं ठरवलं होतं, आरशाबद्दल, स्वप्नाबद्दल, त्या दोन शाळकरी पोरींबद्दल, आणि आता या माणसाच्या स्वच्छ, निरागस चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं, यांना खरंच आठवत नाहीये. यांच्या लेखी ती फक्त एक घाबरट बाई होती, आणि घाबरट बाईचं बोलणं हे बोलणं नसतंच, ते लक्षण असतं. तापाच्या अंगाला हात लावतात तसा त्याला हात लावायचा आणि मान हलवायची. "आत्ता नीट करा," ती म्हणाली. "माझ्यासमोर." सरांनी मशीन सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. तिने दोनदा थांबवलं, दोनदा पट्टी ठेवली, तिसऱ्यांदा ती सरळ बसली. पाव तास लागला असेल. सरांनी ब्लेड फडक्याने पुसून स्केट तिच्या हातात दिलं आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "झालं. आता सांगायला कारण उरलं नाही हं!"

ती बर्फावर उतरली. आधी नुसती डाव्या पायावर, बाहेरच्या धारेवर, लांब वळण घेऊन बघितलं. धरलं. ब्लेडने बर्फ घट्ट धरला. इतकं सोपं होतं हे? इतर सगळ्यांना हे रोज मिळत होतं? ती त्याच वळणावर पुन्हा पुन्हा गेली, अधिकाधिक वाकत, आणि प्रत्येक वेळी राग वाढत गेला, कारण प्रत्येक वेळी ते धरत होतं. मग तिने वेग घेतला. आता बघाच, असं ती मनात म्हणाली, सरांना, मालकांना, ताईला, खाली उभं राहून पाढे म्हणणाऱ्या बाबांना, सगळ्यांना एकदम. पाठमोरी आली, वळली, डाव्या पायावर उभी राहिली. धार रुतली, पाय तसूभर हलला नाही. उजवा पाय वर गेला, ती हवेत गेली.

आणि उघडली.

दोन पायांवर, वेड्यासारखी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाय निसटला नव्हता. काहीच निसटलं नव्हतं. कठड्यावरून सरांचा आवाज आला, मऊ, जिंकल्याचा लवलेश नसलेला, म्हणून आणखीच असह्य: "बघ. मी काय म्हणत होतो?"

तिने पुन्हा घेतली. पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा तर इतकी लवकर, की उडी झालीच नाही. तोंडात गंजाची चव होती. पोटात मूठ होती. आता ती आधीच येत होती, पाय उचलायच्याही आधी, आणि यात सरांचं काहीही चुकत नव्हतं. आज, या क्षणी, ते शंभर टक्के बरोबर होते. हेच तिला सहन होईना. ते इतके महिने चूक होते आणि चूक राहून राहून त्यांनी स्वतःला बरोबर करून घेतलं होतं. बोथट धारेवरून जितक्या वेळा पाय निसटला तितक्या वेळा अंग शिकलं, की या उडीत पाय निसटतो. अंग हुशार होतं. अंगाने नीट धडा घेतला होता. ब्लेड पाव तासात सरळ झालं, पण अंगाला कुठल्या मशीनवर धरणार? ती कडेकडेने फिरत राहिली. पोरी तिला वाट करून देत होत्या. रागाने आपल्याला वर उचलावं अशी तिची अपेक्षा होती, गोष्टीत होतं तसं, पण रागाने नुसते खांदे आवळले जात होते आणि आवळलेल्या खांद्यांनी कुणाला फिरता येत नाही. बाबांना, ताईला, सरांना घेऊन हवेत जायचं म्हणजे गर्दी फार होत होती. आणि मग फिरता फिरता तिच्या लक्षात आलं की ती प्रत्येक वेळी उतरण्याच्या काळजीने उघडत होती. उभं राहायचं म्हणून. पडू नये म्हणून. सर बघत असताना पडू नये म्हणून. सगळा आत्मविश्वास म्हणतात तो या उभं राहण्याबद्दल होता, आणि तिला या घडीला उभं राहता येईल यावर काडीइतकाही विश्वास नव्हता. नव्हता तर नव्हता. तो नसताना काय करता येतं? पडता येतं. पडायचा तिला भरपूर सराव होता, त्यासाठी कुणाच्या विश्वासाची गरज नव्हती.

मग तिने पडायचं ठरवलं. उतरायचं नाहीच. फक्त मिटून राहायचं, बर्फ येऊन लागेपर्यंत.

तिने वेग घेतला. पोटातली मूठ होती तशीच होती, तिने तिला गप म्हटलं नाही. वळली. धार रुतली. पाय वर गेला, हात छातीशी आले, आणि ज्या ठिकाणी ती नेहमी उघडायची ते ठिकाण आलं, ओळखीचं, एखाद्या रोजच्या थांब्यासारखं, आणि ती तिथे उतरली नाही. कठडा, दिवे, पोरी, सगळं एक पट्टा होऊन गेलं. मग बर्फ लागला. उजवा पाय टेकला, टिकला नाही, आणि ती नितंबावर, कोपरावर, धाडकन आपटून पाठमोरी घसरत गेली, कठड्यापर्यंत. पाठमोरी. म्हणजे दीड फेरी पूर्ण झाली होती. श्वास अडकला होता आणि कोपरातून कळ थेट दातांत गेली होती. ती कठड्याला पाठ लावून बर्फावर बसून राहिली. पँटमधून गारठा आत शिरत होता.

सर वरून वाकले. "पडलीस ना! लागलं का?"

"लागलं."

"मग? पुन्हा मनात आणलंस ना, की पडणार?"

"हो," ती म्हणाली. "पडणार हेच मनात आणलं होतं. आणि उघडले नाही. पूर्ण फिरले. पाहिलंत का तुम्ही?"

सरांनी हात पुढे केला, उठवायला. "पाहिलं की. तेच म्हणतोय. आता थोडा आत्मविश्वास आला, की तू—"

"सर." तिने हात धरला नाही. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण जवळच्या पोरी वळून बघायला लागल्या. "तुम्ही जरा आत जाऊन बसा."

"काय?"

"आत जाऊन बसा. मला अजून बऱ्याच वेळा पडायचंय. तुम्ही बघत असलात की मला उभं राहावंसं वाटतं."

सरांनी पुढे केलेला हात खिशात घातला, इकडे तिकडे पाहिलं, कुणीतरी हसेल या आशेने स्वतःच थोडं हसून बघितलं, आणि कुणी हसलं नाही तेव्हा मागच्या खोलीकडे निघून गेले. दार लागल्याचा आवाज होईपर्यंत ती बसूनच राहिली. मग चवड्यावर उठली. पोटात मूठ होतीच. कोपर ठणकत होतं. ती पुन्हा वेग घ्यायला निघाली, पडायला.